दिवाळीनंतर बघू!

रविवारी रात्री साडेअकरा वाजता मी कामं ढकलत बसलो होतो. करत नव्हतो, नुसती ढकलत होतो. प्लॅनरमध्ये ३४ कामं लाल झाली होती आणि सोमवारी सकाळी ते लाल तोंड बघायला नको, म्हणून एकेक काम उचलून पुढच्या तारखेवर टाकणं चालू होतं. 'सायकलचं सर्व्हिसिंग' - बुधवार. 'दातांचे डॉक्टर' - शनिवार. 'क्लाउडचं सर्टिफिकेशन' - पुढच्या महिन्याची १ तारीख (ह्याची तारीख कायम पुढच्या महिन्याची १ च असते :) ). एका कामाला वीसेक सेकंद धरा, म्हणजे ३४ कामांना अकरा-बारा मिनिटं. दर रविवारी.

आणि मग विसावं की एकविसावं काम आलं - 'बाबांचं मेडिक्लेम रिन्यू करणे'. बोट सवयीने पुढच्या रविवारकडे निघालं आणि मधेच थांबलं. पॉलिसीची मुदत संपून २२ दिवस झाले होते. हे काम मी ह्याच बोटाने तीन रविवार ढकललं होतं!

ग्रेस पिरियड ३० दिवसांचा होता म्हणून वाचलो. रात्री पावणेबाराला पैसे भरले. पण मधल्या २२ दिवसांत सांगलीला काही कमी-जास्त झालं असतं तर? बाबांना बीपी आहे, शुगर आहे. बिल तर आमच्याच खिशातून गेलं असतं, पण ते सोडा, मी बाबांना काय सांगितलं असतं? "बाबा, मी विसरलो नव्हतो हो, मी आठवणीने ढकलत होतो"?

चूक माझी, हे मान्य. पण चूक मान्य केल्यावर इंजिनियर माणूस काय करतो? सिस्टीममध्ये डोकं घालतो. तर गेले दोन वीकेंड मी 'काम पुढे ढकलणे' ह्या गोष्टीचा इतिहास वाचत होतो. सुरुवात झाली जुन्या ऑफिसांतल्या कपाटापासून, आणि पोचलो लिनक्सच्या कर्नलमध्ये. मजा म्हणजे दोन्हीकडे तोच प्रश्न होता आणि बराच काळ उत्तरही तेच होतं.

आधी कपाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ऑफिसांत 'टिकलर फाइल' नावाचा प्रकार रुळला. टिकलर म्हणजे गुदगुल्या करून आठवण देणारी :) रचना अगदी सोपी. ४३ कप्पे. त्यातले ३१ महिन्याच्या तारखांचे आणि १२ महिन्यांचे. एखादं पत्र २० तारखेला पुन्हा बघायचंय? टाका २० च्या कप्प्यात. नोव्हेंबरमध्ये बघायचंय? टाका नोव्हेंबरच्या कप्प्यात आणि विसरून जा. रोज सकाळी कारकून त्या दिवसाचा कप्पा रिकामा करणार आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवणार. नवा महिना लागला की त्या महिन्याचा कप्पा उघडून त्यातले कागद ३१ कप्प्यांत वाटणार. झालं! डेव्हिड ॲलनने २००१ साली 'गेटिंग थिंग्ज डन' ह्या पुस्तकात हीच पद्धत नव्याने सांगितली, आणि आयटीतल्या पोरांना वाटलं की काहीतरी नवीन निघालं.

ह्यातली गंमत बघा. ऑगस्टमध्ये बसून नोव्हेंबरच्या कागदाला कुणी १७ नोव्हेंबर ही तारीख विचारत नाही. 'नोव्हेंबर' एवढंच पुरतं. अचूक तारीख ठरवायची ती नोव्हेंबर उजाडल्यावर. आणि ऑक्टोबरातच ते काम रद्द झालं, तर त्या तारखेचा विचार कुणाला कधी करावाच लागत नाही.

आता कॉम्प्युटर. तुमच्या मशीनमध्ये आत्ता ह्या क्षणी शेकडो टायमर चालू असतील. नेटवर्कवर एक पॅकेट पाठवलं की समोरून पोच येईपर्यंत एक टायमर लावून ठेवायचा. पोच आली तर टायमर रद्द. नाहीच आली तर टायमर वाजणार आणि पॅकेट पुन्हा जाणार. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा प्लॅनर आपल्यासारखाच आहे. कामं येतात, पुढे सरकतात, रद्द होतात. फरक एवढाच की तिथे हे सेकंदाला हजारो वेळा होतं, त्यामुळे 'ढकलायचा खर्च' हा टाइमपासचा विषय राहत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या युनिक्समध्ये आणि व्हीएमएसमध्ये ह्या टायमरची एक यादी असायची, वेळेनुसार लावलेली. पहिलं कोण वाजणार ते लगेच कळतं, कारण ते सगळ्यात वर. पण नवीन टायमर घालायचा म्हणजे यादीत त्याची जागा शोधत जायची. समजा २०० कनेक्शन आहेत आणि प्रत्येकाचे ३ टायमर. झाली ६०० ची यादी. प्रत्येक नव्या टायमरला जागा शोधायला सरासरी तीनशे पायऱ्या उतरा. नेटवर्क जसजशी मोठी होत गेली तसा हा खर्च अंगावर यायला लागला. (माझा प्लॅनरही नेमका असाच. तारखेनुसार लावलेली एक लांबलचक यादी, आणि जागा शोधणारा प्रोसेसर म्हणजे मी, रविवारी रात्री.)

१९८७ साली ह्यावर एक पेपर आला. लेखक दोघं, जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक, दोघेही तेव्हा डीईसी म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये. वर्गीस आपल्या पवईचे, १९८१ चे आयआयटी मुंबईचे बीटेक. पेपर वाचला गेला टेक्सासमधल्या ऑस्टिनला, ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांच्या एसओएसपी परिषदेत. विषय होता 'टायमिंग व्हील', म्हणजे वेळेचं चाक.

कल्पना अशी. यादी फेकून द्या. त्याऐवजी गोलात मांडलेले कप्पे घ्या. एक काटा दर टिकला एक कप्पा पुढे सरकतो. ५ टिकनंतरचं काम? काट्यापासून पाचव्या कप्प्यात टाका. शोधाशोध नाही, तुलना नाही. टायमर १० असोत की १० हजार, घालायला आणि काढायला तेवढाच वेळ. फक्त लांबच्या कामांची अडचण. सेकंदाच्या हिशोबाने १०० दिवस मांडायचे तर ८६ लाख ४० हजार कप्पे लागतील. एवढी मेमरी आणणार कुठून? त्यावर त्यांचा एक उपाय म्हणजे चाकांची उतरंड. सेकंदांचं चाक ६० कप्प्यांचं, मिनिटांचं ६० चं, तासांचं २४ चं आणि दिवसांचं १०० चं. एकूण कप्पे २४४. बास!

समजा आत्ता सकाळचे सव्वादहा वाजलेत आणि तीन तासांनंतरचं काम आलं. ते तासांच्या चाकात १३ च्या कप्प्यात जाणार. १३ वाजले की तो कप्पा उघडायचा आणि त्यातलं काम मिनिटांच्या चाकात १५ वर टाकायचं. मिनिटांचा काटा तिथे पोचला की काम हजर.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. अरे, ही तर टिकलर फाइल! दिवसांचे ३१ आणि महिन्यांचे १२. पहिल्या तारखेला महिन्याचा कप्पा दिवसांच्या कप्प्यांत ओतणारा कारकून म्हणजेच कर्नल. इंजिनियर लोक कागदी वस्तूंकडून शिकतात ह्याचा तर उघड पुरावा पुढच्याच वर्षी मिळतो. १९८८ मध्ये रँडी ब्राउन ह्यांनी सिम्युलेशनमधल्या घटनांसाठी जी रचना मांडली तिचं नावच 'कॅलेंडर क्यू', आणि ती टेबलावरच्या कॅलेंडरवर बेतलेली आहे.

पण ह्या उतरंडीतही एक खर्च लपलेला होता, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

लिनक्सनेही हे चाक घेतलं. २.६ मालिकेच्या काळात रचना अशी होती: सगळ्यात खालच्या चाकात २५६ कप्पे आणि त्यावर ६४-६४ कप्प्यांची चार चाकं. एकूण ५१२. खालचं चाक एक फेरी पूर्ण करतं तेव्हा वरच्या चाकातला एक कप्पा उघडून त्यातले सगळे टायमर खाली उतरवायचे. ह्याला 'कॅस्केड' म्हणतात, म्हणजे धबधबा. एका कप्प्यात शेकडो टायमर साठले असतील तर ते सगळे एका दमात हलवावे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी दुसरं तातडीचं काम अडकून पडतं. माझी रविवार रात्र म्हणजे हाच धबधबा.

थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार वगैरे मंडळी ह्यावर विचार करत होती. त्यांनी एक साधी गोष्ट पकडली: सगळे टायमर एका जातीचे नसतात. पहिली जात 'टाइमआउट'ची. पोच आली नाही तर काय, डिस्क बोलली नाही तर काय, अशा काळजीपोटी लावलेले टायमर. हे बहुतेक वेळा वाजतच नाहीत, कारण पोच येते आणि ते रद्द होतात. आणि वाजलेच तर थोडे उशिरा वाजल्याने फार बिघडत नाही. दुसरी जात खऱ्या 'टायमर'ची. हे वाजण्यासाठीच लावलेले असतात आणि वेळेवर वाजायला हवेत. उदाहरणार्थ गाणं चालू असताना पुढचा आवाज वेळेत पोचवणारे. म्हणून २००६ च्या मार्चमध्ये आलेल्या २.६.१६ मध्ये दोघांची घरं वेगळी झाली. अचूकवाल्यांसाठी 'एचआरटायमर' ही नवी सोय आली, नीट क्रमाने लावलेल्या झाडात. टाइमआउट चाकावरच राहिले.

पण चाकाचा धबधबा चालूच होता. म्हणजे बघा, एखादा टाइमआउट वरच्या चाकातून खालच्यात उतरवायचा, आणखी खाली आणायचा, त्याची वेळ अगदी टिकपर्यंत अचूक करायची, आणि मग तो रद्द होणार! जी गोष्ट बहुधा होणारच नाही, तिची तारीख अचूक ठेवण्यासाठी एवढा आटापिटा.

२०१५ पासून ग्लाइक्सनरने नवं चाक मांडायला घेतलं आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्स ४.८ मधून ते सगळ्यांच्या हातात आलं. त्यात धबधबाच काढून टाकलाय. टायमर ज्या कप्प्यात पडला, तिथूनच वाजणार. खाली उतरवणं बंद. मग अचूकतेचं काय? ती सरळ सोडून दिली, पण हिशोबाने. प्रत्येक पातळीत ६४ कप्पे आणि वरच्या पातळीचा कप्पा खालच्यापेक्षा ८ पट रुंद. सेकंदाला १००० टिक धरले तर पहिले ६४ मिलिसेकंद अगदी नेमके. अर्ध्या सेकंदापर्यंतची कामं ८ मिलिसेकंदांच्या कप्प्यांत. चार सेकंदांपर्यंतची ६४ च्या. असं करत करत चार तास ते एक दिवस ह्या पट्ट्यातले कप्पे साधारण ३५ मिनिटांचे, आणि एक दिवस ते बारा दिवसांमधले साडेचार तासांहून मोठे! चूक जास्तीत जास्त साडेबारा टक्के. काम जितकं लांब, तितका त्याचा कप्पा रुंद.

हे समजलं तेव्हा मला माझी आई आठवली. (खरंच!)

आमच्या सांगलीच्या घरी स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं असतं. १९७३ साली सुरू झाल्यापासून ते किती घरांचं प्लॅनर झालंय त्याला गणती नाही. आमच्याकडे त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या असतात. पण लांबच्या कामांना आई कधीही तारीख देत नाही. घराला रंग? "दिवाळीनंतर बघू." गच्चीचं गळणं? "पाऊस सरला की." मावशीकडे कोल्हापूरला? "परीक्षा झाल्या की." मला लहानपणी वाटायचं की हा नुसता टोलवाटोलवीचा प्रकार आहे, भिजत घोंगडं ठेवायचं. पण तसं नव्हतं. दिवाळी झाल्यावर रंगवाल्याला खरंच फोन जायचा. तोपर्यंत त्या कामाची तारीख एकदाही बदलावी लागायची नाही, कारण तारीख नव्हतीच.

उलट माझं ॲप. मी त्याला 'पुढचा आठवडा' म्हणालो की ते गुपचूप त्याचा सोमवार करतं. 'नंतर' म्हणायची सोयच नाही. मला खात्री नसलेल्या गोष्टीची ते माझ्याकडून अचूक तारीख घेतं, आणि ती चुकली की लाल रंगात मलाच सुनावतं. म्हणजे जी ३४ कामं लाल होती त्यातल्या तीसेक कामांना खरी तारीख कधी नव्हतीच. मीच शोधून काढलेली खोटी तारीख, आणि तीच चुकल्याचा लाल रंग. एवढा लाल रंग रोज बघितल्यावर डोळा मरतो. त्या गर्दीत एकच काम खरं लाल होतं, आणि तेच मला दिसलं नाही.

बरं, हा फरक प्लॅनर बनवणाऱ्यांना माहीत नव्हता असंही नाही. पामच्या १९९६ च्या 'पायलट'वर डायरी आणि कामांची यादी ह्यांची बटणं वेगळी होती. ॲलनचं २००१ चं पुस्तक कॅलेंडरबद्दल अगदी कडक आहे: त्या दिवशी व्हायलाच हवं असेल तेच तिथे लिहा, 'झालं तर बरं' अशी इच्छा तिथे घुसवू नका. २००३ मध्ये कार्स्टन डोमिनिक ह्या खगोलशास्त्रज्ञाने ईमॅक्ससाठी ऑर्ग-मोड लिहायला घेतलं. त्यात 'शेड्यूल्ड' वेगळं आणि 'डेडलाइन' वेगळी. पहिलं म्हणजे हे काम कधीपासून डोळ्यांसमोर आणायचं. दुसरं म्हणजे कधीच्या आत संपलंच पाहिजे, आणि ह्याची सूचना सेटिंग न बदलता १४ दिवस आधीपासून दिसायला लागते.

ऑर्ग-मोडमधली आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाला पुढची तारीख तीन प्रकारे देता येते. घरभाड्यासारखं असेल तर जुन्या तारखेपासून एक महिना पुढे, आणि मधला महिना राहिला असेल तर तोही हिशोबात. दर रविवारच्या फोनसारखं असेल तर हुकलेले रविवार सोडून सरळ येणारा रविवार. आणि केस कापण्यासारखं असेल तर प्रत्यक्ष ज्या दिवशी कापले तिथून पुढे. एकदा नीट सांगितलं की ढकलायचं काम मशीनचं. आणि हे सांगताना आपल्यालाही विचार करावा लागतो की काम हुकलं तर नेमकं काय होतं.

तर मी काय केलं? गेल्या शनिवारी ३४ च्या ३४ कामांच्या तारखा पुसल्या. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: ह्या दिवशी झालं नाही तर कुणाचं काही बिघडेल का? 'हो' उत्तर आलं फक्त चार कामांना. मेडिक्लेम (पुढच्या वर्षीचं), गाडीचा इन्शुरन्स, भाडेकरार आणि टॅक्स रिटर्न. हे चार कॅलेंडरवर गेले. बाकी तीस कामं चार कप्प्यांत टाकली: ह्या आठवड्यात, ह्या महिन्यात, दिवाळीच्या आत, आणि बघू. कप्प्याची मुदत संपेपर्यंत ढकलाढकल नाही. आणि संपल्यावर आपोआप खालच्या कप्प्यात ओतायचंही नाही. कप्पा उघडायचा, हवं ते उचलायचं, उरलेलं तिथेच राहू द्यायचं किंवा खोडायचं. 'क्लाउडचं सर्टिफिकेशन' मी खोडलं. चौदा महिने ढकलत होतो. खोडल्यावर फार बरं वाटलं :)

पण एका बाबतीत कर्नलची नक्कल करून चालत नाही, आणि हे मला जवळजवळ उशिरा कळलं. कर्नल टायमरची वेळ नेहमी पुढच्या कप्प्याकडे सरकवतं. उशिरा वाजेल, पण लवकर कधीच वाजणार नाही, असा नियम. टाइमआउटसाठी तो बरोबरच आहे, समोरच्याला पोच द्यायला पूर्ण वेळ मिळायलाच हवा. पण मेडिक्लेमला हाच नियम लावला तर काय होतं ते मी २२ दिवस अनुभवलंय. अशा कामांना उलटं गोल करायचं, आधीच्या कप्प्याकडे. पॉलिसी २४ तारखेला संपते ना? मग काम त्याच्या आधीच्या महिन्याच्या कप्प्यात.

आणि दुसरा फरक. कर्नलमधले टाइमआउट रद्द होतात कारण समोरून पोच येते, म्हणजे काम झालेलं असतं. माझी कामं रद्द होतात ती मी नाद सोडतो म्हणून. तेही चालेल, पण निदान मी नाद सोडलाय हे मला कळायला हवं. दर रविवारी तारीख बदलत राहिलो की ते कळतच नाही, उलट आपण फार शिस्तीचे आहोत असं वाटत राहतं. ह्या सगळ्या ढकलाढकलीतला सगळ्यात महाग भाग ती अकरा मिनिटं नव्हतीच.

असो. पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, "अरे, मला सांगायचंस की. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं असतं." पुढच्या वर्षीची तारीख आता सांगलीच्या स्वयंपाकघरातही असणार आहे. नवीन कालनिर्णय घरी आलं की लिहायची. कधी? आई म्हणाली, दिवाळीनंतर बघू.